निवडणूक, दूरचित्रवाणी आणि निष्पक्षता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुका जाहीर झाल्या की वाहिन्यांच्या पक्षपाताबद्दल तेच ते प्रश्न दर वेळी विचारले जातात आणि त्यांची उत्तरे बहुधा ऐकीव माहितीवर दिली जातात. पुढील उत्तरे मुख्यतः लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांविषयी आहेत. कायदा कुठे लागू होतो आणि कुठे हात टेकतो, हे वेगवेगळे सांगण्याचा प्रयत्न त्यांत केला आहे.

खासगी वृत्तवाहिनीने सर्व पक्षांना समान वेळ दिलाच पाहिजे, असा कायदा आहे का?

नाही. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून आरंभीच स्पष्ट केलेला बरा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मध्ये 2003 साली कलम 39अ घालण्यात आले. त्यात केबल वाहिन्या व इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमांवर मान्यताप्राप्त पक्षांना प्रसारणाचा वेळ न्याय्य प्रमाणात वाटून देण्याची तरतूद आहे. कागदावर तिच्या कक्षेत खासगी वाहिन्याही येतात, परंतु त्यांच्यासाठी आवश्यक असलेले नियम झाले नाहीत आणि प्रत्यक्षात ही व्यवस्था आकाशवाणी व दूरदर्शनपुरतीच राहिली. कलमातला शब्दही ‘समान’ नसून ‘न्याय्य’ आहे, म्हणजे मागील निवडणुकीतील कामगिरी जमेस धरून केलेले वाटप त्यात बसते.

त्यामुळे एखाद्या खासगी वाहिनीने एका नेत्याच्या तीन सभा पूर्ण दाखवल्या आणि दुसऱ्याची एकही दाखवली नाही, तर तेवढ्यावरून कोणत्याही कलमाचा भंग होत नाही. पत्रकारितेच्या संकेतांचा भंग होतो, हे खरे. पण संकेतभंगाबद्दल गुन्हा नोंदवता येत नाही.

दूरदर्शनवर पक्षांना मिळणारा मोफत वेळ कसा ठरतो?

ही योजना 1998 च्या लोकसभा निवडणुकीपासून सुरू आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्षाला, तसेच मान्यताप्राप्त राज्य पक्षाला त्याच्या राज्यात, किमान पायाभूत वेळ सारखा मिळतो. त्यावरचा वाढीव वेळ मागील निवडणुकीतील कामगिरीनुसार दिला जातो. उमेदवारांची अंतिम यादी प्रसिद्ध झाल्यापासून मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत ही भाषणे प्रसारित होतात. पूर्वी वेळेची कुपने प्रत्यक्ष जाऊन घ्यावी लागत. 2023 मध्ये निवडणूक आयोगाने ती पद्धत बदलून डिजिटल कुपने आणली.

अपक्षांना आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांना यातले काहीच मिळत नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. मतदारांनी खासदार म्हणून निवडलेल्या या उमेदवाराला सरकारी दूरचित्रवाणीवर या योजनेखाली एका मिनिटाचाही हक्क नव्हता. योजना पक्षांसाठी आखलेली असल्याने हे घडते आणि त्यात कुणाचा हेतू शोधण्याचे कारण नाही. तरी न्याय्य वाटपाची मर्यादा यातून दिसते.

या भाषणांतील शब्द प्रसार भारती काढायला लावू शकते का?

होय. आकाशवाणी व दूरदर्शन चालवणाऱ्या या संस्थेकडे भाषणाची संहिता आधी सादर करावी लागते आणि ती मार्गदर्शक सूचनांवर तपासली जाते. अन्य देशांवर टीका, धर्मावर किंवा समाजगटावर हल्ला, अश्लील वा बदनामीकारक मजकूर, हिंसेला चिथावणी, न्यायालयाचा अवमान, राष्ट्रपती व न्यायपालिका यांच्या सचोटीवर शंका आणि कोणत्याही व्यक्तीवर नाव घेऊन केलेली टीका या गोष्टींना तेथे मनाई आहे.

मे 2024 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना आपापल्या भाषणांतील काही शब्द गाळावे वा बदलावे लागले. येचुरींच्या इंग्रजी संहितेतील सरकारच्या ‘दिवाळखोरी’च्या जागी ‘अपयश’ अशा अर्थाचा शब्द आला, तर देवराजन यांना ‘मुस्लिम’ हा शब्द वगळावा लागला. सूचना सर्वांना सारख्या लागू आहेत, असे प्रसार भारतीतर्फे सांगण्यात आले. सूचना सारख्या असल्या तरी सरकारवर टीका करणाऱ्याच्या शब्दांना त्यांची कात्री अधिक लागणार, हे उघड आहे, कारण सत्तेवरचा पक्ष कामगिरी सांगतो आणि विरोधकाला दोष दाखवायचे असतात. मोफत मिळालेल्या त्या मोजक्या मिनिटांत कठोर शब्द वापरू द्यायला हरकत नसावी, असे आमचे मत आहे.

मग वाहिनी पक्षपाती आहे की नाही, हे ठरवायचे तरी कसे?

पहिले आणि सोपे माप घड्याळाचे. आठवडाभर एकाच वेळेचे बातमीपत्र पाहून कोणत्या पक्षाला किती मिनिटे मिळाली, हे वहीत मांडता येते. मात्र मोठ्या पक्षाच्या सभा जास्त होतात, सरकारचे निर्णय हीच पुष्कळदा बातमी असते, आणि एखाद्या पक्षाला मिळालेली वीस मिनिटे त्याच्यावरच्या आरोपांचीही असू शकतात. म्हणून मिनिटांबरोबर त्या मिनिटांचा सूरही नोंदवावा लागतो.

दुसरे माप विषयनिवडीचे. पक्षपात निवेदकाच्या आवाजात शोधायची आपल्याला सवय लागली आहे, कारण आरडाओरडा लगेच कानावर येतो. आमच्या मते खरा कल त्याआधीच, सकाळच्या संपादकीय बैठकीत ठरून जातो. ज्या दिवशी कांद्याचे भाव किंवा सोयाबीनची खरेदी हा विषय जिल्ह्याजिल्ह्यांत पेटलेला असतो, त्या दिवशी रात्रीची चर्चा एखाद्या नेत्याच्या जुन्या विधानावर झाली, तर चर्चेत चारही पक्षांचे प्रवक्ते बसवून आणि प्रत्येकाला सारखी मिनिटे देऊनही तो कार्यक्रम निष्पक्ष ठरत नाही. या प्रकाराची नोंद कोणतेही घड्याळ करीत नाही आणि कोणतेही कलम त्याला पकडू शकत नाही.

तिसरे माप प्रश्नाच्या धारेचे. सत्ताधारी मंत्र्याला ‘आपली पुढची योजना काय’ असे विचारले जाते आणि विरोधी नेत्याला ‘आपण उत्तर का देत नाही’ असे विचारले जाते. एकाचे वाक्य पूर्ण होऊ दिले जाते, दुसऱ्याचे दर दहा सेकंदांनी तोडले जाते. राज्यात सत्ता बदलली की काही निवेदकांचा सूरही त्याच आठवड्यात बदलतो. महाराष्ट्राने 2019 ते 2024 या पाच वर्षांत सरकारांचे इतके प्रकार पाहिले की, जुन्या चित्रफिती शोधून ही तुलना करणे येथील प्रेक्षकाला इतर राज्यांपेक्षा सोपे जावे.

चौथी गोष्ट ‘राजकीय विश्लेषक’ या पाटीची. चर्चेत बसलेला विश्लेषक पक्षाचा पदाधिकारी, माजी उमेदवार किंवा पक्षासाठी काम करणारा सल्लागार असेल, तर ते पडद्यावर लिहिलेले असले पाहिजे. पाटी लपवली की संतुलनाचा सगळा हिशेबच खोटा होतो. दोन विरुद्ध दोन दिसणारी चर्चा प्रत्यक्षात तीन विरुद्ध एक असते.

पडद्याच्या तळाशी धावणारी पट्टीही वाचत राहावी. चर्चेत आरोपाचे खंडन झाल्यावरही पट्टीवर तोच आरोप तासभर फिरत राहिला, तर आवाज बंद करून टीव्ही पाहणाऱ्याच्या, म्हणजे हॉटेलात, बसस्थानकावर किंवा केशकर्तनालयात बसलेल्या माणसाच्या लेखी खंडन झालेलेच नसते.

मतदानापूर्वीच्या 48 तासांत वाहिन्यांवर नेमके काय बंद असते?

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 126 नुसार, मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या 48 तासांत त्या मतदानक्षेत्रात दूरचित्रवाणी, चित्रपट किंवा तत्सम साधनांद्वारे निवडणूकविषयक मजकूर दाखवण्यास बंदी आहे. निवडणुकीच्या निकालावर परिणाम करण्याच्या हेतूने केलेला किंवा तसा परिणाम घडवू शकेल असा मजकूर, ही त्याची व्याख्या. भंग झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मतदानपूर्व कल चाचण्यांचे निष्कर्षही या काळात वाहिन्यांवर दाखवता येत नाहीत. वर्तमानपत्रे मात्र या कलमाबाहेर आहेत. मतदानाच्या दिवशी व आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणीकरण, म्हणजे आधी तपासून दिलेले प्रमाणपत्र, घ्यावे लागते, ते आयोगाच्या आदेशामुळे.

हे कलम एका दिवसात मतदान उरकत असे आणि सरकारी दूरदर्शनखेरीज काही नसे, त्या काळाला शोभणारे आहे. आता मतदान टप्प्याटप्प्यांनी होते. 2024 ची लोकसभा निवडणूक 19 एप्रिल ते 1 जून अशी सात टप्प्यांत झाली, त्यांपैकी पाच टप्प्यांत महाराष्ट्रात मतदान होते. एका मतदारसंघात प्रचार थांबलेला असताना शेजारच्या जिल्ह्यातली सभा थेट दाखवली जाते आणि ती प्रचार थांबलेल्या गावातही दिसते. उपग्रहाच्या लहरींना मतदारसंघाची हद्द कळत नाही. वाहिनीने हे जाणूनबुजून केले की ते अटळ होते, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

डिसेंबर 2017 मधील गुजरातचा प्रसंग यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या टप्प्याचे मतदान 14 डिसेंबरला होते आणि आदल्या दिवशी गुजराती वाहिन्यांवर राहुल गांधी यांची मुलाखत दाखवली गेली. आयोगाने राहुल गांधी यांना नोटीस काढली, मुलाखत दाखवणाऱ्या वाहिन्यांवर गुन्हे नोंदवण्यास सांगितले आणि मतदान आटोपल्यावर ती नोटीस मागे घेतली. बदललेल्या माध्यमांच्या पार्श्वभूमीवर कलम 126 चाच फेरविचार करण्यासाठी मग उपनिवडणूक आयुक्त उमेश सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जानेवारी 2019 मध्ये तिने अहवाल दिला व छापील माध्यमांनाही या कलमाखाली आणण्याची शिफारस केली.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण पंतप्रधानांच्या ध्यानाचे. मे 2019 मध्ये शेवटच्या टप्प्याच्या तोंडावर केदारनाथला आणि 30 मे ते 1 जून 2024 या काळात कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकावर नरेंद्र मोदी ध्यानाला बसले. त्यांचा स्वतःचा वाराणसी मतदारसंघ दोन्ही वेळा शेवटच्या टप्प्यातच होता आणि वाहिन्यांनी ती दृश्ये पुनःपुन्हा दाखवली. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले. या दृश्यांत मत मागितलेले नाही, भाषणही नाही, त्यामुळे कलमाच्या अक्षरात ती बसवणे अवघड आहे. आमचा रोख येथे नेत्यापेक्षा वाहिन्यांवर अधिक आहे: कुणी कुठे ध्यानाला बसावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ते अखंड दाखवत राहण्याचा निर्णय वृत्तकक्षाने घेतलेला असतो.

एक्झिट पोल सर्व टप्पे संपेपर्यंत का रोखून धरतात?

कलम 126अ 2009 च्या दुरुस्तीने आले. त्यानुसार पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत मतदानोत्तर चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष प्रसारित करता येत नाहीत. आधी मतदान झालेल्या भागाचा कल पाहून उरलेल्या मतदारांनी मन बदलू नये, हा उद्देश. गोव्यातील मतदारांनी याचा अनुभव 2022 मध्ये घेतला: तेथे 14 फेब्रुवारीला एकाच दिवसात मतदान उरकले, परंतु उत्तर प्रदेशातील शेवटचा टप्पा 7 मार्चला असल्याने त्या संध्याकाळपर्यंत गोव्याचाही एक्झिट पोल दाखवता आला नाही.

चाचणी चुकली म्हणजे ती पक्षपाती होती, असा निष्कर्ष काढू नये. 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशे किंवा त्याहून अधिक जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात आघाडीला 293 आणि भाजपला 240 मिळाल्या. चारच महिन्यांनी हरियाणात चाचण्यांनी काँग्रेसचा विजय सांगितला आणि 90 पैकी 48 जागा घेऊन भाजप जिंकला. चूक दोन्ही दिशांना झाली. प्रश्न विचारायचा तो वेगळा: नमुना किती जणांचा होता, चाचणी कुणाच्या पैशाने झाली, मतांच्या टक्केवारीवरून जागा कशा काढल्या, हे वाहिनीने सांगितले का? वृत्तवाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेच्या 2014 च्या निवडणूकविषयक सूचनांत ही माहिती देणे अपेक्षित आहे. पडद्यावर ती आली तरी कोपऱ्यात, क्षणभर आणि बारीक अक्षरांत येते.

राजकीय जाहिराती कोण तपासतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या 13 एप्रिल 2004 च्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरील प्रत्येक राजकीय जाहिरातीला पूर्वप्रमाणीकरण बंधनकारक झाले. हे काम जिल्हा व राज्य पातळीवरील माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समित्या करतात. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी, तर इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा असतो.

जाहिरात आणि वाहिनी यांतली सीमाच पुसली गेली तर काय होते, ते 2019 मध्ये दिसले. मार्चअखेरीस डीटीएच सेवांवर नरेंद्र मोदी यांच्या प्रचाराला वाहिलेला ‘नमो टीव्ही’ अवतरला. ही परवानाधारक वाहिनी नसून जाहिरातींचा मंच आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. तक्रारींनंतर आयोगाने त्यावरील ध्वनिमुद्रित मजकुरास पूर्वप्रमाणीकरण आवश्यक ठरवले. निवडणूक संपता संपता तो जसा आला तसा नाहीसाही झाला.

मालिकांमधून होणारा छुपा प्रचार कशात मोडतो?

सध्याच्या नियमांना सर्वांत जड जाणारा हाच प्रकार असावा. एप्रिल 2019 मध्ये हिंदी मालिकांतील पात्रांच्या तोंडी सरकारी योजनांची स्तुती घातल्याची, आणि नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मराठी मालिकांच्या दृश्यांत एका सत्ताधारी पक्षाचे फलक दाखवल्याची तक्रार महाराष्ट्र काँग्रेसने आयोगाकडे केली. बातमी पाहताना प्रेक्षक सावध असतो, मालिका पाहताना नसतो. पैसे देऊन हे घडवले असेल तर ती जाहिरातच आहे आणि तिला प्रमाणपत्र हवे, खर्चही हिशेबात हवा. पण पैसे दिले हे दाखवणार कोण?

‘पेड न्यूज’ हा गुन्हा आहे का?

स्वतंत्र निवडणूक गुन्हा म्हणून नाही. कारवाई होते ती खर्चाच्या वाटेने: पैसे देऊन छापलेली किंवा दाखवलेली बातमी माध्यम समितीला आढळली, की तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरण्यासाठी नोटीस दिली जाते. मोठ्या राज्यांत खर्चमर्यादा लोकसभेसाठी 95 लाख आणि विधानसभेसाठी 40 लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही, त्यामुळे एकाच नेत्याच्या चेहऱ्यावर चालणाऱ्या राज्यव्यापी मोहिमेला ही वाट अडवू शकत नाही.

महाराष्ट्राला आठवते ते 2009 च्या भोकर मतदारसंघाचे प्रकरण. ते वर्तमानपत्रांचे होते, तरी आजचा कायदा समजण्यासाठी उपयोगी आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरील स्तुतिपर मजकूर पैसे देऊन छापून आणल्याचा आरोप झाला. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे, असा निर्णय दिला. पुढे, चव्हाण यांचा हिशेब नियमानुसार नाही असे ठरवणारा आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये रद्द केला. याउलट उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना अशाच खर्चाची नोंद न केल्यावरून 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्यात आले.

वाहिनीचा मालक राजकारणात असेल तर वाहिनी पक्षपाती मानावी का?

मालकी हा पुरावा नव्हे, पण ती ठाऊक असावी. तमिळनाडूत जया टीव्ही आणि कलैग्नार टीव्ही यांची पक्षनिष्ठा कुणापासून लपलेली नाही, आणि तेथील प्रेक्षक दोन्ही पाहून मधले सत्य काढतो. मराठीत हे नाते इतके उघड नसते. साम टीव्ही ज्या सकाळ समूहाची आहे तो पवार कुटुंबीयांकडे आहे, लोकमत समूहाचे विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, आणि झी समूहाचे सुभाष चंद्रा 2016 मध्ये भाजपच्या पाठिंब्यावर हरियाणातून राज्यसभेत गेले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने राजकीय संस्थांना प्रसारण क्षेत्रात प्रवेश देऊ नये, अशी शिफारस वारंवार केली आहे. मालकाइतकाच, कधी त्याहून अधिक, प्रभाव सरकारी जाहिरातींचा असतो, ही गोष्ट सरकार कोणत्याही पक्षाचे असले तरी खरी आहे.

इतर देशांत काय आहे?

ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था खासगी वाहिन्यांनाही निष्पक्षतेच्या नियमाने बांधते, दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करता येत नाही, आणि मतदान केंद्रे उघडताच निवडणुकीच्या मुद्द्यांवरील चर्चा थांबवावी लागते. अमेरिकेत वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे 1949 पासूनचे बंधन 1987 मध्ये काढून टाकले गेले. ब्रिटनचा नमुना आपल्याकडे जसाच्या तसा आणावा, असे म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे: येथे तो नियामक सरकारपासून स्वतंत्र कसा राहील?

महापालिका आणि जिल्हा परिषद निवडणुकांना हेच नियम लागतात का?

त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. कलम 126 संसद व विधिमंडळाच्या निवडणुकांसाठी आहे, म्हणून स्थानिक निवडणुकीत त्या त्या वेळचे राज्य आयोगाचे आदेश पाहावे लागतात.

तक्रार कुठे आणि कशी करावी?

आधी तक्रारीचा प्रकार ठरवावा. प्रमाणपत्र नसलेली जाहिरात, पेड न्यूज किंवा 48 तासांच्या बंदीचा भंग असेल, तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातील माध्यम समितीकडे, अथवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे जावे. आयोगाचे सी-व्हिजिल हे ॲप प्रत्यक्ष जागेवर घडणाऱ्या आचारसंहिताभंगासाठी आहे. रात्रीच्या चर्चेतील पक्षपाताचा त्याला उपयोग नाही.

आशयाबद्दल तक्रार असेल तर ती प्रथम वाहिनीकडेच करायची असते. 2021 च्या केबल दूरचित्रवाणी नियमांनुसार वाहिनीने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान न झाल्यास वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे आणि शेवटी केंद्र सरकारच्या आंतरविभागीय समितीकडे जाता येते. न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी ही अशी एक संस्था आहे. तिच्या पद्धतीत प्रसारणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे तक्रार गेलेली असावी लागते. सगळ्या वाहिन्या एकाच संस्थेच्या सदस्य नाहीत, म्हणून ते आधी तपासावे. या संस्थेच्या दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये असून ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती अपुरी असल्याचे बोलून दाखवले.

तक्रारीत ‘वाहिनी विकली गेली आहे’ अशी वाक्ये लिहू नयेत. ती पहिल्याच टप्प्यावर बाजूला पडतात. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, निवेदकाचे नेमके वाक्य, ध्वनिचित्रफितीचा दुवा आणि भंग झालेला नियम एवढे पुरे. केबल नियमांतील नियम 6 मध्ये बदनामीकारक मजकुरासोबत जाणीवपूर्वक केलेली खोटी सूचक विधाने आणि अर्धसत्ये यांनाही मनाई आहे. एका नेत्याचे वाक्य अर्ध्यावर तोडून दाखवले असेल, तर पूर्ण भाषणाची चित्रफीत जोडून याच नियमाचा आधार घ्यावा. वाहिनीच्या संकेतस्थळावरील चित्रफीत पुढे काढून टाकली जाऊ शकते, म्हणून ती त्याच रात्री जपून ठेवावी.